ठाण्याचा तुकडा

मे महिन्यात भाची चार दिवस राहायला आली होती. तिचा मुलगा ईशान, वय वर्षे सहा. दोन दिवसांत त्याने घरातली सगळी कपाटे धुंडाळली आणि तिसऱ्या दिवशी माळ्यावरचा एक जुना खोका खाली काढायला लावला. खोक्यात होता बाबांनी केलेला महाराष्ट्राचा लाकडी नकाशा. एकेक जिल्हा सुटा, जोडायचा आणि मोडायचा.

दुपारभर आम्ही दोघे जमिनीवर बसून महाराष्ट्र जोडत होतो. शेवटी ईशानने विचारले, "मामाआजोबा, आमचं गाव कुठंय यात?"

गाव म्हणजे त्याच्या वडिलांचे, वसई तालुक्यातले. मी ठाण्याच्या तुकड्यावर बोट ठेवले. "पण आमचा जिल्हा तर पालघर. शाळेत शिकवलंय." खरेच की! पालघर या नकाशात नव्हतेच. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि बाबा २०१२ सालीच गेले.

ही गोष्ट त्या एका तुकड्याची. सांगता सांगता जरा फ्रान्स-इंग्लंड-अमेरिका असा फेरफटका होणार आहे, तेव्हा नातेवाईक मंडळींनी धीर धरावा.

हा नकाशा बाबांनी १९७८ साली ताईसाठी केला. ते भूगोलाचे शिक्षक. सहा मिलिमीटरचे प्लायवूड, त्यावर ऑइल पेंटने रंगवलेले जिल्हे आणि बारीक ब्रशने लिहिलेली नावे. तेव्हा जिल्हे होते २६. कापायला हत्यार एकच, हाताची फ्रेट सॉ. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो : इंग्रजी यू अक्षरासारखी खोल लोखंडी कमान आणि तिच्या दोन टोकांत ताणून बसवलेले दोऱ्यासारखे पाते. टेबलाच्या कडेला खाच पाडलेली एक फळी आवळायची, तिच्यावर प्लायवूड धरायचे आणि करवत उभी वरखाली चालवायची. पात्याचे दात खाली तोंड करून. म्हणजे खाली ओढताना कापते आणि वर जाताना नुसती सरकते.

नकाशा पुरा झाला आणि तीन वर्षांत सरकारने जिल्हे फोडायला सुरुवात केली! १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादमधून जालना. १९८२ साली उस्मानाबादमधून लातूर आणि चंद्रपूरमधून गडचिरोली. १९९० साली बृहन्मुंबईचे दोन जिल्हे. १९९८ साली अकोल्यातून वाशीम, धुळ्यातून नंदुरबार. १९९९ साली परभणीतून हिंगोली, भंडाऱ्यातून गोंदिया. दर वेळी बाबा करवत काढायचे, तो तुकडा धरायचे आणि कापायचे. मग दोन्ही भागांच्या पाठीवर पेन्सिलने तारीख. माझ्याकडे काम एकच, रेघेवरचा भुस्सा फुंकायचा. १९८१ मध्ये मी नऊ वर्षांचा होतो. रत्नागिरी कापताना इतक्या जोरात फुंकर मारली, की भुस्सा थेट बाबांच्या डोळ्यात!

(पुढे जिल्ह्यांची नावेही बदलली. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. ते काम सोपे, त्याला करवत लागत नाही, ब्रश पुरतो.)

ईशान गेल्यावर मी तुकडे मोजले. ३४ भरले. ३६ पाहिजेत. एक पालघर, कापायचे राहिलेले. आणि दुसरे मुंबई शहर. नकाशा दोन फूट रुंद असल्याने त्यावर एक सेंटीमीटर म्हणजे साधारण चौदा किलोमीटर. त्या हिशेबाने मुंबई शहर म्हणजे तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे. १९९० साली कापता कापता ते खाली पडले आणि आईने केर काढताना भुश्शाबरोबर भरून टाकून दिले. आमच्या घरात मुंबई तेव्हापासून हरवलेली आहे.

ठाण्याचा तुकडा उलटून पाहिला तर मागे पेन्सिलची तुटक रेघ! शेजारी बाबांच्या अक्षरात एकच शब्द, 'प्रस्तावित'. ठाणे जिल्ह्याच्या विभाजनाची मागणी कित्येक वर्षे चालू होती. बाबांनी रेघ आखून ठेवली, पण कापले नाही. सरकारी आदेश निघाल्याशिवाय करवत लावायची नाही, हा त्यांचा नियम होता.

तर आता हा तुकडा कापायचा कोणी? अर्थात मी. माझ्याकडे २०२० च्या टाळेबंदीनंतर घेतलेली विजेवरची स्क्रोल सॉ आहे. पाते तसेच, पण मोटर ते वरखाली हलवते आणि आपण दोन्ही हातांनी लाकूड फिरवायचे. वेगाचे बटण फिरवले की मिनिटाला ४०० पासून १६०० फेऱ्यांपर्यंत. बाबांच्या हाताने मिनिटाला शंभर फेऱ्या झाल्या तरी पुष्कळ. म्हणजे काम चुटकीसरशी व्हायला हवे! तसे का झाले नाही, हे सांगण्यासाठी आधी थोडा इतिहास.

बारीक वळणे कापायची तर पाते अरुंद हवे. रुंद पाते वळणावर अडते. पण अरुंद पाते मोडू नये तर पोलाद चिवट हवे. युरोपात तशी पाती करणे शक्य झाले ते घड्याळाच्या स्प्रिंगसाठी बनणाऱ्या पातळ पोलादी पट्टीमुळे. त्या पट्टीला कानशीने दात पाडायचे की झाले पाते. एका कारागिरीने दुसरीला असा हात दिला.

या पात्याचे सगळ्यात देखणे काम फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या दरबारी आंद्रे-शार्ल बूल (१६४२-१७३२) याच्या कारखान्यात झाले. पितळेचा एक पत्रा आणि कासवाच्या कवचाचा एक पत्रा एकमेकांवर चिकटवायचे आणि दोन्हींतून एकदमच नक्षी कापायची. मग पितळेची वेलबुट्टी कवचाच्या खाचेत बसवायची आणि उरलेली कवचाची वेलबुट्टी पितळेच्या खाचेत. एका कापण्यात दोन नक्ष्या, एक सुलट आणि एक उलट! फर्निचरच्या जोड्याच्या जोड्या अशा केल्या आहेत.

पण इथे एक मेख आहे. पाते जेवढे जाड तेवढे द्रव्य भुस्सा होऊन जाते, म्हणून तुकडा खाचेत किंचित सैल बसतो. ही फट कशी लपवायची हा जडावकाम करणाऱ्यांचा कायमचा प्रश्न. एक उपाय म्हणजे ती काळ्या-तपकिरी लुकणाने भरून टाकायची. दुसरा उपाय हुशारीचा : पाते किंवा लाकूड काही अंश तिरके धरून कापायचे, म्हणजे वरचा तुकडा बुचासारखा खालच्या खाचेत घट्ट बसतो. मात्र तिरके कापले की सुलट-उलट जोडी मिळत नाही, एकच नक्षी हाती येते. तिसरा उपाय सगळ्यात साधा, पाते शक्य तेवढे पातळ घ्यायचे आणि हळू कापायचे. याच कामासाठी फ्रान्समध्ये पुढे एक खास घोडी निघाली. कारागीर तिच्यावर घोड्यावर बसल्यासारखा बसतो, पायाने दाबून लाकूड उभे धरतो, एका हाताने आडवी करवत चालवतो आणि दुसऱ्या हाताने लाकूड फिरवतो. दोन हात आणि एक पाय, तिघांना तीन कामे.

आता इंग्लंड. १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा आणि विकणारा होता. त्याने नकाशा पातळ लाकडावर चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून कापून मुलांना भूगोल शिकवण्यासाठी विकायला काढला. जग, चार खंड, इंग्लंड-वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंड असे त्याचे आठ नकाशे होते. आज आपण ज्याला जिगसॉ पझल म्हणतो त्याचा मूळपुरुष म्हणून त्याचे नाव घेतात. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या मुलांची सांभाळणी करणाऱ्या लेडी शार्लट फिंच हिनेही असेच कापलेले नकाशे वापरले आणि ते ठेवायची तिची कपाटे अजून जपलेली आहेत.

म्हणजे बाबांनी १९७८ मध्ये केले ते दोनशे वर्षे जुने काम होते! त्यांना हे माहीत होते की नाही कोण जाणे. आमच्याकडे विषय निघाल्याचे आठवत नाही.

स्पिल्सबरी १७६९ साली गेला. तीनच वर्षांनी, १७७२ मध्ये, रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने पोलंडचे लचके तोडायला सुरुवात केली आणि १७९५ पर्यंत पोलंड नकाशावरून नाहीसा झाला. स्पिल्सबरीच्या युरोपात मात्र पोलंडचा तुकडा तसाच राहिला. हे वाचले आणि मला ठाण्याचा तुकडाच आठवला. लाकडाचा नकाशा त्या दिवसापुरताच खरा असतो. नंतर कोणीतरी पुन्हा करवत घ्यावी लागते.

पुढचे शतक वेगाचे. अमेरिकेत करवतीला पाय मिळाले. शिवणयंत्रासारखी पायाने चालवायची स्क्रोल सॉ १८७० च्या सुमारास घरोघरी शिरू लागली. इलिनॉयमधल्या रॉकफर्डची डब्ल्यू. एफ. अँड जॉन बार्न्स ही कंपनी तर सायकलसारखी दोन पायडल मारायची करवत विकत असे. बसा आणि मारा पायडल! अशा हौशी करवतींवर घड्याळाची घरे, भिंतीवरच्या फळ्या, फोटोच्या चौकटी अशा शेकडो नक्ष्या कापल्या गेल्या. घरांच्या पागोळ्यांना लाकडी झालरी लावायची फॅशन त्याच काळातली, मात्र ती कारखान्यांतल्या मोठ्या करवतींची करणी. इंग्लंडमध्ये नॉर्फक परगण्यातल्या डेरहमच्या 'हॉबीज' कंपनीचे साप्ताहिक १८९५ मध्ये निघाले. त्याच्याबरोबर फ्रेटवर्कचे नमुने मिळत आणि पाती, लाकूड, करवती याही कंपनी विकत असे.

मग मोटर आली. अमेरिकेतल्या पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने १९०९ साली बाकीचे खेळ बाजूला ठेवून कारखाना लाकडी कोड्यांना वाहिला. तुकडे कापायला बहुतेक मुली होत्या. विसाव्या शतकाच्या त्या पहिल्या दशकातच 'जिगसॉ' हे करवतीचे नाव कोड्याला चिकटले. १९२९ नंतरच्या मंदीत बेकार झालेले कित्येक लोक घरच्या करवतीवर कोडी कापून विकू लागले आणि वाचनालयांत, दुकानांत ती भाड्याने मिळू लागली. १९३३ च्या सुरुवातीला ही लाट शिगेला पोचली, आठवड्याला सुमारे एक कोटी कोडी खपत होती. पण त्यातली बहुतेक पुठ्ठ्याची होती. धारदार पोलादी पट्ट्यांचा साचा दाबला की एका दणक्यात सगळे तुकडे मोकळे. पाते नाही, भुस्सा नाही, फटही नाही. वेगाच्या शर्यतीत करवत तिथेच हरली. नंतर ती उरली ती हळू काम करण्यात ज्यांना मजा वाटते त्यांच्यासाठी.

हे सगळे वाचून झाले होते, तरीही मी पहिल्या दिवशी काय केले? मशीनमध्ये होते ते पाच नंबरचे पाते तसेच ठेवले आणि वेग पूर्ण सोडला! (शहाणपणा एवढाच, की आधी रद्दी प्लायवूडवर तीच सीमा आखून घेतली.) सरळ भाग लोण्यासारखा कापला. वळण आले तशी रेघ सुटली. तिथे थांबून फिरवायला लागलो, तर पाते त्याच जागी घासत राहिले आणि कड जळून काळी. शिवाय पाच नंबरचे पाते सुमारे ०.४ मिलिमीटर जाड असते. आमच्या नकाशावर तेवढी जाडी म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून जास्त. ठाणे-पालघर सीमा तुकड्यावर साडेतीन इंच भरते. हिशेब केला तर ६५-७० चौरस किलोमीटर जमीन नुसती भुश्शात जाणार होती. म्हणजे जवळजवळ मुंबई शहर जिल्ह्याएवढी. एक मुंबई आधीच गेलेली, आता दुसरी घालवायची का?

म्हणून २/० नंबरचे पाते घेतले. पाऊण डझन पाती एका पुडीत, केसासारखी. जाडी पाव मिलिमीटर, इंचाला पंचवीस-तीस दात. पात्यांचे नंबर असे असतात : १, २, ३ चढत जातील तसे पाते जाड आणि दात मोठे, शून्ये वाढतील तसे पाते बारीक. नियम असा सांगतात, की लाकडाच्या जाडीत निदान तीन दात तरी एका वेळी असावेत, नाहीतर लाकूड दातांत अडकून उडते. सहा मिलिमीटरला २/० चे सहा-सात दात लागतात. म्हणजे कड गुळगुळीत, पण काम सावकाश. तीन पाती पाच मिनिटांत मोडली. पुन्हा वेगच जास्त होता, आणि मी लाकूड पुढे ढकलत होतो.

चौथ्यांदा पाते सोनारकामातले घातले. बाबांच्या डब्यात ती होती, बोहरी आळीत बारीक पाती संपली की ते ओळखीच्या सोनाराकडून आणायचे. पण धातूच्या पात्याचे दात एकमेकांना लागून असतात. लाकडाचा भुस्सा त्यांत भरतो, बाहेर पडत नाही, आणि पाते तापते. लाकडाच्या चांगल्या पात्याला एक दात गाळून पुढचा दात असतो तो यासाठीच. बाबा दर इंचाला थांबून पात्यावर ब्रश का फिरवायचे ते इतक्या वर्षांनी कळले.

हे चालले असताना आई दारात येऊन उभी. वय ८२. आयुष्यभर पायाच्या मशीनवर शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाउज शिवले. थोडा वेळ बघून म्हणाली, "तू त्या पात्याला ओढतोयस."

"मी कुठे ओढतोय? लाकूड ढकलतोय."

"तेच ते. अरे, गळ्याची गोलाई शिवताना मी काय करायचे? पाय हळू करायचे आणि कापड नुसतं वळवायचे. सुई आपली जागा सोडत नाही. कापडाला ओढलंस की सुई मोडलीच म्हणून समज. आणि एवढी घाई कसली आहे तुला? गाडी सुटतेय?"

मी वेग उतरवला, साधारण सहाशेवर. पाते टिचकी मारल्यावर स्वच्छ टणत्कार येईपर्यंत ताणले. प्लायवूडच्या वर चिकटपट्टी लावली, तिने कड जळत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात आली. बहुतेक पात्यांना बनवताना एका बाजूला बारीक कंगोरा राहतो, त्यामुळे ती सरळ न जाता किंचित उजवीकडे ओढतात. मग लाकूडच थोडे तिरके धरून भरवायचे, पात्याशी भांडायचे नाही. रद्दी तुकड्यावर सीमा दोनदा नीट कापली. हात स्थिर झाला.

मग खरा तुकडा घेतला. आणि तिथे थांबलो.

बाबांची तुटक रेघ आणि आजची सीमा एक नव्हती. त्यांच्या अंदाजात वसई तालुका ठाण्यातच राहिला होता. प्रत्यक्षात वसई पालघरमध्ये गेली. बाबांच्या रेघेवरून कापावे असे फार वाटत होते. त्यांच्या हातची शेवटची रेघ ती. पण तसे कापले असते तर ईशानचे गाव पुन्हा ठाण्यातच राहिले असते, आणि भूगोलाच्या सरांना ते चालले नसते. आईला विचारले. ती म्हणाली, "आदेश काय आहे? तसं काप."

वसईच्या खाडीपासून सुरुवात केली. भिवंडीला वळसा, मग वाड्याच्या कडेने वर, शहापूर उजवीकडे ठेवत मोखाड्यापाशी नाशिकच्या हद्दीला बाहेर. साडेतीन इंचांना बावीस मिनिटे लागली. बाबांना हाताने कदाचित अर्धा तास लागला असता. मोटरने वाचवली असतील तर आठ मिनिटे! पाते मिनिटाला शंभरदा हलो की सहाशेदा, वळणावर लाकूड फिरते ते हाताच्याच वेगाने. तेवढा वेग दोनशे वर्षांत कोणाला वाढवता आलेला नाही. आई शेजारी उभी राहून भुस्सा फुंकत होती.

दोन्ही तुकड्यांच्या पाठीवर पेन्सिलने १ ऑगस्ट २०१४ लिहिले. अक्षर माझे, बाबांच्या अक्षरापुढे गचाळच. मागची बाजू पॉलिशपेपरने घासली नाही, कारण ती तुटक रेघ आता पालघरच्या पाठीवर आली आहे, न कापलेली. ती तशीच राहू दे.

रात्री ईशानला व्हिडिओ कॉलवर पालघर दाखवले. त्याने पहिला प्रश्न विचारला, "आणि मुंबई?"

असो. मुंबईसाठी नवीन प्लायवूड आणले आहे. या वेळी पात्याखालच्या भोकावर पत्त्यातला जोकर चिकटवणार, मध्ये फक्त पात्यापुरते छिद्र. तुकडा खाली पडता कामा नये. आणि त्या दिवशीचा केर आईने काढायचा नाही, असे ठरले आहे.